भाकरी, बलुते आणि बरोबरी
मानवी समाजांतील अन्नार्जन व देवघेव : एक अभ्यास

मनुष्य कोणत्याही देशातील असो वा कोणत्याही काळातील, दोन प्रश्न त्याच्यापुढे नित्य उभे असतात. आज खायचे काय, हा पहिला. जे आपल्याजवळ नाही ते कोणाकडून आणि कशाच्या बदल्यात मिळवायचे, हा दुसरा. पहिला प्रश्न अन्नार्जनाचा आहे आणि दुसरा देवघेवीचा. निरनिराळ्या समाजांनी या प्रश्नांची उत्तरे कशी शोधली, याचा अभ्यास सांस्कृतिक मानवशास्त्र करते. अर्थशास्त्र उत्पादन, भाव आणि नफा मोजते. मानवशास्त्र त्याच्यापुढे एक पाऊल टाकून विचारते, की भाकरी एका हातातून दुसऱ्या हातात गेली तेव्हा त्या दोन माणसांत कोणते नाते निर्माण झाले?

हे शास्त्र आपल्याला परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर आपला निबंध वाचला, तो मानवशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात. त्यामुळे समाजाची घडण शास्त्राच्या नजरेने पाहण्याची परंपरा आपल्या घरातलीच आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम अन्नार्जनाच्या रीती व नंतर देवघेवीचे प्रकार सांगणार आहोत, आणि शेवटी महाराष्ट्राच्या गावगाड्यातील बलुत्याची पद्धत त्या कसोटीवर तपासून पाहणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की कोणत्याही देवघेवीची पारख करताना किती मिळाले एवढेच पाहून भागत नाही. वाटा कोणी ठरवला, घेणाऱ्याला वा देणाऱ्याला 'नाही' म्हणता येत होते काय, आणि घेतलेले परत करण्याची वाट मोकळी होती काय, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात.

१. अन्न मिळवण्याच्या रीती

मानवशास्त्रज्ञ अन्नार्जनाच्या साधारणतः पाच रीती मानतात. रानातून अन्न गोळा करणे व शिकार-मासेमारी ही पहिली, फिरती शेती ही दुसरी, पशुपालन ही तिसरी, नांगराची कायम शेती ही चौथी आणि यंत्रांच्या बळावर बाजारासाठी केलेली शेती ही पाचवी. आजच्या मानवाची जात पृथ्वीवर सुमारे ३ लाख वर्षे नांदत आहे. शेतीचे वय मात्र १० ते १२ हजार वर्षांचे. म्हणजे मानवाच्या आयुष्याचा फार मोठा काळ शिकार, मासे, फळे आणि कंदमुळे यांवरच गेला.

अशा लोकांचे जिणे सदैव उपासमारीचे असते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. रिचर्ड ली या अभ्यासकाने १९६३ पासून आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या सान लोकांचा अभ्यास केला, तेव्हा या समजाला धक्का बसला. कोण किती वेळ अन्नासाठी फिरतो आणि काय घेऊन येतो, याची लींनी दिवसवार नोंद ठेवली. तेथील प्रौढ माणसे अन्न आणण्यासाठी आठवड्यातील अडीच दिवसही खर्ची घालत नव्हती. त्यांच्या आहाराचा मोठा भाग स्त्रियांनी वेचून आणलेल्या वनस्पतिजन्य अन्नाचा होता, आणि त्यात मोंगोंगो नावाच्या झाडाच्या बिया मुख्य होत्या. बिया फोडणे, अन्न शिजवणे, सरपण-पाणी आणणे आणि हत्यारे करणे ही कामे त्या मोजणीत धरलेली नव्हती. ती धरली तर कामाचे तास बरेच वाढतात, हेही पुढे स्पष्ट झाले. तरीही, 'रानातला माणूस म्हणजे उपाशी माणूस' हे समीकरण त्यानंतर टिकले नाही.

फिरत्या शेतीत रानाचा तुकडा तोडून वाळवतात, जाळतात आणि त्या राखेत बी पेरतात. दोन-तीन पिके घेतली की ती जागा रानाला परत देऊन पुढच्या तुकड्याकडे वळतात. कोकणच्या डोंगरउतारांवर हिला 'दळी' म्हणत. दक्षिणेकडे 'कुमरी' हे नाव होते. मध्य भारतातील बैगा लोक तिला 'बेवर' म्हणतात. नांगर चालवणे म्हणजे धरणीमातेची छाती फाडणे, अशी बैगांची श्रद्धा असल्याचे व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवले आहे. सरकारी वनखात्याला ही शेती नासधूस वाटली. बैगांना ती रानाशी केलेली देवघेव वाटत होती.

पशुपालनाचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. पुणे, सातारा, सांगलीकडील पठारावरचे मेंढपाळ धनगर पावसाळा कोरड्या माळावर काढतात आणि दिवाळीनंतर 'वाडा' करून, म्हणजे काही कुटुंबांचा तांडा बांधून, घाट उतरून कोकणात जातात. भाताची कापणी झालेल्या खाचरांत रात्री मेंढरे बसवली जातात. लेंडी व मूत यांनी जमिनीला खत मिळते, मेंढरांना चारा मिळतो, आणि शेतकरी त्याबद्दल धनगरांना भात देतो. येथे अन्नार्जन आणि देवघेव एकमेकांत अशी गुंतली आहेत, की एकीला दुसरीपासून वेगळे काढता येत नाही.

भटक्या समाजांतही अशी विभागणी दिसते. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रात केलेल्या अभ्यासात असे आढळले, की एकाच मुलखात फिरणाऱ्या जमातींनी शिकारीची साधने व प्राणी जणू वाटून घेतले होते. फासेपारधी फासे लावून हरणे व पक्षी धरत. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्याने रानडुक्कर, घोरपड यांसारख्या प्राण्यांच्या मागे लागत. वैदू सापळे लावून लहान मांसभक्षक प्राणी पकडत. एकाच रानावर अनेकांचे पोट चालण्याची ती एक व्यवस्था होती.

नांगराच्या शेतीने धान्याचे ढीग उभे केले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेल्या त्या वस्तीत पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले आणि त्याच्या लगत धान्याचे कोठार आढळले. नदीचे पाणी वळवण्यासाठी खोदलेला पाटही मिळाला. कोठाराशेजारी राहणारा तो गावाचा प्रमुख असावा, आणि लोक आपल्या धान्याचा काही भाग त्याच्याकडे जमा करीत असावेत, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. कारागिरांची घरे वस्तीच्या एका कडेला होती.

या पाच रीती म्हणजे शिडीच्या पायऱ्या आहेत, असे मात्र समजू नये. लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८७७ साली मानवजातीची वाटचाल रानटी, अर्धसंस्कृत आणि सुसंस्कृत अशा टप्प्यांत मांडली होती. शिडी मानली, की खालच्या पायरीवरचा माणूस आपोआप 'मागासलेला' ठरतो. इनामगावचा पुरावा निराळे सांगतो. तेथील शेवटच्या काळात हवामान रुक्ष झाले, शेती रोडावली आणि त्याच लोकांनी चौकोनी घरे सोडून लहान गोल झोपड्या बांधल्या. शिकार व पशुपालन यांवर त्यांचा भर वाढला. परिस्थिती पालटली तशी त्यांनी रीत पालटली. रीतीवरून माणसाची उंची ठरत नाही, हा मानवशास्त्राचा पहिला धडा होय.

२. साठवण आणि वाटणी

अन्न मिळाल्यावर ते वाटायचे की साठवायचे, हा पुढचा प्रश्न. टांझानियातील हाड्झा लोकांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स वुडबर्न यांनी १९८२ साली दोन प्रकारच्या समाजांतील भेद दाखवला. काही समाज आणलेले अन्न त्या दिवशी वा लगेचच्या दिवसांत खातात. काही समाज आज केलेल्या श्रमाचे फळ पुढे कधीतरी मिळेल अशी व्यवस्था करतात, म्हणजे पेरणी करतात, कोठारे भरतात, कळप राखतात. पहिल्या प्रकारात विषमता मूळ धरत नाही. दुसऱ्यात साठा राखणारा, साठा मोजणारा आणि साठ्यावर हक्क सांगणारा असे निरनिराळे लोक निर्माण होतात.

सान लोकांत मोठी शिकार झाली तर मांस सगळ्या वस्तीत वाटले जाते. शिकाऱ्याने गर्व करू नये म्हणून त्याच्या शिकारीला नावे ठेवण्याची तेथे रीत आहे. लींनी एकदा नाताळच्या भोजनासाठी त्यांना चांगला धष्टपुष्ट बैल दिला. 'यात हाडांखेरीज काही नाही' अशी लोकांनी त्या बैलाची टिंगल केली. पुढे लींना उलगडा झाला तो असा, की ज्याच्या हाती मांस येते तो स्वतःला मोठा आणि इतरांना आपले चाकर समजू लागतो. म्हणून त्याचे काळीज थंड ठेवावे लागते. अन्न देणारा डोईजड होऊ नये, याची दक्षता त्या समाजाने थट्टेच्या रूपाने घेतली होती.

याच संदर्भात दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्ताची आठवण होते. त्यातील कथेत तांदूळ न पेरता उगवतो. संध्याकाळी कापलेला सकाळी पुन्हा तयार असतो. मग एक आळशी प्राणी दोन्ही वेळचा तांदूळ एकदमच आणतो. त्याचे पाहून दुसरा दोन दिवसांचा, तिसरा चार दिवसांचा आणि चौथा आठ दिवसांचा साठा करतो. साठा सुरू होताच तांदळावर कोंडा चढतो आणि कापलेले पुन्हा उगवत नाही. लोक शेते वाटून सीमा घालतात. कोणी दुसऱ्याचा वाटा चोरतो. निंदा, खोटे आणि दंड हे त्यामागून येतात. शेवटी लोक आपल्यातील एकाची निवड करून न्यायाच्या कामासाठी त्याला तांदळाचा भाग देऊ लागतात. ही कथा क्षेत्रसंशोधनाचा अहवाल नव्हे, बोधासाठी सांगितलेले आख्यान आहे. पण साठा, सीमा, चोरी आणि सत्ता यांची साखळी तीत मांडली आहे, आणि ब्राह्मण, क्षत्रिय आदी वर्ण माणसांच्या व्यवहारातूनच निर्माण झाले हे सांगण्यासाठीच ती आली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

३. देवघेवीचे तीन मार्ग

कार्ल पोलान्यी यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आणि नंतरच्या लेखनात देवघेवीचे तीन मुख्य मार्ग सांगितले. पहिला परस्पर देवघेवीचा. येथे नातेवाईक, शेजारी, सोयरे एकमेकांना देतात व घेतात. दुसरा पुनर्वितरणाचा, येथे सर्वांकडून एका ठिकाणी जमा होते आणि तेथून पुन्हा वाटले जाते. तिसरा बाजाराचा; येथे भाव ठरतो, मोल दिले की व्यवहार संपतो आणि देणाराघेणारा एकमेकांना ओळखतही नसतील तरी चालते.

परस्पर देवघेवीचे आणखी तीन प्रकार मार्शल साहलिन्स यांनी केले. आई मुलाला जेवू घालते तेव्हा हिशेब नसतो. हा पहिला प्रकार. दुसऱ्यात बरोबरीची फेड अपेक्षित असते. तिसऱ्यात एक पक्ष दुसऱ्याचे जमेल तेवढे ओरबाडतो. आपल्या भाषेत या तिन्हींना पूर्वीपासून शब्द आहेत. एका गड्याच्या शेतावर सगळ्यांनी आपापली औते घेऊन जायचे, दिवसभर राबायचे आणि त्याच्याकडचे जेवण घेऊन परतायचे, ही इर्जिक. एकेक बैल असलेल्या दोघांनी मिळून औत जुपायचे, आज तुझ्या शेतात उद्या माझ्या, ही सावड. लग्नातल्या आहेराची यादी जपून ठेवायची आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढाच आहेर करायचा, हीदेखील बरोबरीची फेडच. पेरणीला दिलेल्या मणाचे सुगीला सव्वा मण वा दीड मण वसूल करणारी सवाई-दिढी मात्र तिसऱ्या प्रकारात पडते.

देवघेव केवळ गरजेपोटी होते, हेही खरे नाही. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२२ साली न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवरील 'कुला' या प्रथेचे वर्णन प्रसिद्ध केले. बेटांच्या वर्तुळात लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शिंपल्यांची दंडावरची कडी उलट दिशेने. त्यासाठी माणसे होड्यांतून धोक्याचा समुद्र ओलांडतात. मिळालेली माळ कोणी कायमची ठेवून घेत नाही. काही काळ मिरवून ती पुढे द्यायची. त्या माळांनी कोणाचे पोट भरत नाही, पण दूरच्या बेटावर हक्काचा स्नेही मिळतो, आणि त्याच सफरीत नित्य लागणाऱ्या वस्तूंची घासाघीस करून अदलाबदलही होते. स्नेहाचा आणि सौद्याचा व्यवहार ते लोक एकमेकांत मिसळू देत नाहीत.

४. घेतलेल्याचे ओझे

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या सुमारास भेटवस्तूंवर दीर्घ निबंध लिहिला. त्यांच्या मते भेटीला तीन बंधने चिकटलेली असतात : देणे भाग असते, घेणे भाग असते आणि परत करणे भाग असते. ज्याला परत करता येत नाही तो देणाऱ्याच्या खाली जातो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांत 'पॉटलॅच' नावाचा समारंभ होई. यजमान प्रमुख पाहुण्यांना घोंगड्या, अन्न व मौल्यवान वस्तू यांची खैरात करी आणि त्यातून आपली प्रतिष्ठा वाढवी. पाहुण्यांना पुढे त्याहून मोठा समारंभ करून फेड करावी लागे. कॅनडा सरकारने १८८५ ते १९५१ पर्यंत त्यावर कायद्याने बंदी घातली होती. उधळपट्टी एवढेच त्या सरकारला दिसले.

मॉस यांचा सिद्धांत समजण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. शेजारच्या घरून वाटीत भाजी आली तर वाटी रिकामी परत करू नये, असे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायका सांगतात. वाटीत काही ना काही घालून पाठवायचे, निदान चिमूटभर साखर तरी. त्या चिमटीने भाजीचे मोल फिटत नाही, पण तुझ्या माझ्यात बरोबरी आहे एवढे ती सांगते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. वाटी घेऊन जाण्यास ज्याला मज्जावच असेल, त्याचे काय? बलुत्याचा विचार या प्रश्नापासून सुरू करावा लागतो.

५. बलुते

महाराष्ट्रातील जुन्या गावात सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग इत्यादींना वर्षभराच्या कामाबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. तो वाटा म्हणजे बलुते आणि घेणारा बलुतेदार. त्यांची संख्या बारा सांगतात, पण गावोगावच्या याद्या सारख्या नाहीत. थोरली, मधली व धाकटी अशा त्यांच्या तीन ओळी असत आणि ओळीप्रमाणे वाट्याचे माप ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. उत्तर भारतातील जजमानीत कारागीर ठरावीक कुटुंबांशी बांधलेला असे. महाराष्ट्रातील बलुतेदार सबंध गावाचा सेवक मानला जाई आणि त्याचा हक्क वतन म्हणून वंशपरंपरेने चाले, हे हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने विशेषत्वाने दाखवून दिले.

या व्यवस्थेची एक बाजू मान्य केली पाहिजे. रोख पैसा दुर्मिळ असलेल्या काळात कारागिराला पिकात वाटा मिळे आणि शेतकऱ्याला ऐन पेरणीत मोडलेला नांगर त्याच दिवशी दुरुस्त करून मिळे. प्रत्येक कामाचा वेगळा हिशेब नसे. म्हणूनच काही अभ्यासकांनी तिला परस्परावलंबनाची, सुखाने नांदणाऱ्या गावाची व्यवस्था म्हटले. ही स्तुती तपासण्यासाठी आरंभी सांगितलेले तीन प्रश्न महारांच्या बलुत्याला लावून पाहू.

महारांची कामे कोणती? गावच्या सीमा दाखवणे, वेशीवर पहारा देणे, सरकारी सारा ठाण्यावर पोहोचवणे, सांगावे नेणे, मयताची वार्ता परगावी कळवणे, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई करणे, लाकडे फोडणे, मेलेली जनावरे ओढून नेणे. त्यांच्याकडे थोडी वतनी जमीन असे, खळ्यावरचे बलुते असे, आणि घरोघर फिरून भाकरी मागण्याचा 'हक्क' असे. जुन्या याद्यांत महारांचे नाव बहुधा थोरल्या ओळीत आढळते. धान्याच्या मापात थोरली ओळ आणि स्पर्शाच्या मापात गावकुसाबाहेर, अशी ही गोष्ट होती. माप आणि मान या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे याहून स्पष्ट कोठे दिसणार?

पहिला प्रश्न, वाटा कोण ठरवी? रूढीने माप ठरलेले असले तरी सूप हाती असे ते शेतकऱ्याच्या. दाणे चांगले घालायचे की पोचट, हे त्याच्या मर्जीवर. दुसरा प्रश्न, 'नाही' म्हणता येत होते काय? कामाला वेळेची मर्यादा नव्हती, आणि वतन घराण्याचे असल्याने एकाने नकार दिला तर सगळ्या भावकीचे बलुते व गावातील आसरा धोक्यात येई. तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. भाकरी घेणारा कधी परतफेड करू शकत होता काय? ज्याच्या दारची भाकरी घ्यायची त्याला आपल्या घरचे घोटभर पाणीही देण्याची मुभा नव्हती. भाकरी एकाच दिशेने जात होती. शेजाऱ्याची वाटी आणि येसकराची टोपली यांतील भेद तो हाच. वाटीने नाते बरोबरीत येते; टोपलीने ते रोज खालवर केले जाते. दया पवार यांनी १९७८ साली आलेल्या आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, त्यात या एका शब्दाचे सारे वजन आहे.

डॉ. आंबेडकरांनी ही गाठ नेमकी ओळखली होती. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत त्यांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे तुकडे घेणे सोडून द्या, शेतीकडे वळा, असा उपदेश केला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. कामे निश्चित करावीत, बलुत्याऐवजी रोख वेतनाची सोय व्हावी, आणि ज्याला वतनातून मोकळे व्हायचे असेल त्याला जमीन पूर्ण साऱ्याने ठेवून मोकळे होता यावे, असा त्याचा रोख होता. आमच्या तीन प्रश्नांच्या भाषेत बोलायचे तर वाटा कायद्याने ठरावा आणि 'नाही' म्हणण्याची वाट उघडावी, ही ती मागणी होती. ते विधेयक संमत झाले नाही. महार वतनासह गावकीची कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्याने पुढे १९५८ साली केला.

मेलेली जनावरे ओढणे सोडल्याने कातडी, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब त्या काळी काहींनी वृत्तपत्रात मांडला होता. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील भाषणात त्याचा उल्लेख केला आहे. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आणि माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, हे त्यामागचे तत्त्व होते. देवघेवीच्या अभ्यासात हा प्रसंग आम्हास फार मोलाचा वाटतो. ज्या समाजाने पोटाची किंमत देऊन 'नाही' म्हणण्याचा हक्क मिळवला, त्याने मॉस यांच्या सिद्धांताला कृतीने उत्तर दिले.

६. बाजाराने काय दिले

रेल्वे, गिरण्या, बंदरे, लष्करी कारखाने यांनी रोख मजुरी आणली. पगार हातात पडला की व्यवहार संपतो. मालकाच्या दारात टोपली घेऊन उभे राहावे लागत नाही. गावातून शहराकडे गेलेल्या पिढीला हा कोरडा व्यवहारच मोकळा श्वास वाटला, यात नवल नाही. नात्याच्या नावाखाली चाललेल्या सक्तीपेक्षा अनोळखी माणसाशी केलेला सौदा अनेकदा अधिक मानाचा असतो.

तथापि बाजारही आपोआप न्यायी होत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक असे. पण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यामुळे विटाळाच्या कल्पनेने अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेश नसे. ठाणे जिल्ह्यातील वारली लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे कर्ज घेई आणि त्यापोटी नवराबायको जन्मभर त्याच्याकडे राबत. अशांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला तो या वेठीविरुद्ध. कर्जाचा कागद आला म्हणजे करार आला असे होत नाही. 'नाही' म्हणता येते काय, हा प्रश्न तेथेही लावावा लागतो.

७. पंगतीतले ताट

राहिला पुनर्वितरणाचा मार्ग. इनामगावच्या कोठारापासून आजच्या रेशन दुकानापर्यंत त्याची रूपे पसरली आहेत. येथेही देणारा कोण आणि घेणारा कोणत्या नात्याने घेतो, यावर सारे अवलंबून असते. राजाने कृपा म्हणून दिलेले धान्य आणि नागरिकाने हक्काने घेतलेले धान्य यांचे वजन तराजूत एक असेल, मनात एक नसते. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या कामांतून महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. मागेल त्याला काम, आणि कामाचे दाम हा हक्क, ही त्याची मांडणी होती. दान हा शब्द तीत नव्हता.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांनी वसतिगृहाच्या पंगतीत आपले बालपण काढले आहे. वसतिगृहाचे भोजनगृह हे पुनर्वितरणाचे लहानसे पण निर्दोष उदाहरण होय. अनेक हातांनी दिलेले एका ठिकाणी येते आणि एकाच पातेल्यातून सर्वांच्या ताटांत सारखे पडते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला निरनिराळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले, त्याला मुष्टिफंडाचा आधार होता. घरोघरच्या स्त्रिया दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढीत आणि ते मुलांच्या भाकरीसाठी जाई. येथे देणाऱ्या घराचे नाव भाकरीवर नव्हते, म्हणून खाणाऱ्याची मान खाली जात नव्हती. आणि परतफेडीची वाटही मोकळी होती. आज जो जेवला तो उद्या मिळवता होऊन पुढच्या मुलाच्या ताटासाठी देऊ शकत होता. माजी विद्यार्थी शाळेसाठी धान्य, वेळ वा पैसा देतात, त्याला आम्ही उपकार म्हणत नाही. ती न मोडलेली साखळी आहे.

समारोप

रान, कळप, नांगर, गिरणी आणि बाजार अशा सर्व वाटांनी माणसाने पोट भरले. यांतील एकही वाट स्वभावतःच उच्च वा नीच नाही. उच्चनीचता आली ती वाट्याचे माप एकाच हातात गेल्याने, नकाराचा हक्क हिरावल्याने आणि परतफेडीचे दार बंद केल्याने. ही तीन दारे जेथे उघडी असतात तेथे साधी भाकरीही माणसांना जोडते. ती बंद असतील तेथे भरलेले खळेही माणसाला माणसापासून तोडते. म्हणून एखाद्या समाजाची श्रीमंती मोजताना कोठारात किती आहे हे पाहावेच, पण घेणारा कोणत्या मानेने घेतो हेही पाहावे.

अभ्यासासाठी

विद्यार्थ्यांनी व पालकांनी मिळून पुढील प्रश्नांवर माहिती जमवावी, असे आम्ही सुचवितो.

(१) आजी-आजोबांच्या काळी आपल्या घराला कोणते काम वतनाने करावे लागे व त्याबद्दल काय मिळे? ते मिळणे केव्हा व कसे थांबले?

(२) आपल्या गावात इर्जिक, सावड, उसनवार यांपैकी काय टिकून आहे? त्यात कोणाला घेत नाहीत?

(३) गावच्या आठवडे बाजारात कोणत्या वस्तू परगावाहून येतात व भाव कोण ठरवतो?

(४) आपल्या घरात रोजचे अन्न आणणे, शिजवणे व वाढणे कोण करते, आणि शेवटी कोण जेवते? वर सांगितलेले तीन प्रश्न या एका ताटालाही लावून पाहावेत.